पासवर्ड एक, माणसं चार : शेतकरी कंपन्यांच्या हिशेबात जबाबदार कोण?

शेतकरी उत्पादक कंपनीची बैठक म्हटली की भाव, गोदाम आणि अनुदान यावरच चर्चा रंगते. हिशेबाचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, त्याचं लायसन्स कुठलं, हा विषय शेवटी निघतो आणि ‘स्वस्तातलं बघा’ म्हणून पाच मिनिटांत संपतो. पण सभासदांच्या भागभांडवलाचा पैसा कुठे गेला, याचा माग लागतो की नाही, हे बऱ्याचदा या पाच मिनिटांत ठरतं.

केंद्र सरकारने २०२० मध्ये १० हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली. त्यात एका संस्थेला ३ वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी १८ लाख रुपयांपर्यंत मदत आहे. सीईओ आणि अकाउंटंटचा पगार त्यातूनच निघतो. ही मुदत संपली की कंपनीला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि मग प्रत्येक खर्चाला कात्री लागते. लायसन्सचा खर्चही त्यातलाच.

सिल्व्हर की गोल्ड?

ग्रामीण भागात जास्त चालतं ते टॅली. त्यात मुख्य दोन प्रकार. सिल्व्हर एका कॉम्प्युटरवर चालतं. गोल्ड घेतलं तर एकाच नेटवर्कवरच्या अनेक कॉम्प्युटरवरून एका वेळी काम करता येतं. गेल्या काही वर्षांतला कायमस्वरूपी लायसन्सचा दर पाहिला तर सिल्व्हर २२,५०० आणि गोल्ड ६७,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातात पडेपर्यंत २६,५५० आणि ७९,६५०. दर बदलत असतात, पण एकाला तीनपट हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे.

काही जण मधला मार्ग काढतात. दोन सिल्व्हर घ्यायची, ४५ हजारांत भागवायचं. कागदावर बचत दिसते. पण दोन्ही कॉम्प्युटरवरून एकाच डेटावर एका वेळी काम होत नाही. कृषी सेवा केंद्राचा हिशेब एकीकडे, कार्यालयाचा दुसरीकडे, आणि मार्चअखेर दोन्ही जुळवता जुळवता अकाउंटंटची रात्र जाते.

त्यामुळे लायसन्स घेताना संचालक किती, कर्मचारी किती हे मोजून उपयोग नाही. एकाच वेळी किती जण कॉम्प्युटरवर नोंद करणार, एवढंच मोजायचं. वर्षभर एकच अकाउंटंट बसत असेल तर सिल्व्हर पुरतं. काउंटरवर खत-बियाण्याची बिलं, गोदामात मालाची आवक आणि कार्यालयात बँकेच्या नोंदी एकदमच चालत असतील, तर गोल्डशिवाय निभत नाही.

लायसन्स वेगळं, युजर वेगळा

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ‘आपलं सिंगल युजर आहे, म्हणून पासवर्ड एकच’, असं सर्रास ऐकायला मिळतं. ते खरं नाही. सिल्व्हरमध्येही प्रत्येकाच्या नावाने वेगळा युजर आणि पासवर्ड तयार करता येतो, त्याला जादा पैसे पडत नाहीत. एका वेळी एकच जण काम करेल, एवढीच अट. कोणाला फक्त बिल करता येईल, कोणाला नोंद बदलता येईल, हेही ठरवून देता येतं.

आता कायदा बघा. १ एप्रिल २०२३ पासून, हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. प्रत्येक नोंद कधी झाली, कधी बदलली, हे त्यात आपोआप उतरतं आणि ते बंद करता येत नाही. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. हिशेबाची पुस्तकं तर ८ वर्षं सांभाळायची असतात.

पण चार जण एकाच पासवर्डने बसत असतील तर या ट्रेलचा उपयोग काय? १० क्विंटलची नोंद ८ क्विंटल झाली, हे दिसेल. केली कोणी, हे दिसणार नाही. मग संशय येतो तो कमी पगारावर काम करणाऱ्या पोरावर, आणि खरा बदल करणारा नामानिराळा राहतो.

कर्मचाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. पेरणीच्या तोंडावर काउंटरवर रांग असते. खत पॉस मशीनवर विकायचं आणि कंपनीच्या हिशेबात त्याची वेगळी नोंद करायची. अशा वेळी युजर बदलत बसायला कोणाला सवड नसते. जिथे हे रोजचं आहे, तिथे एकच पासवर्ड चालवणं हा दोष माणसाचा कमी आणि अपुऱ्या लायसन्सचा जास्त.

घेण्याआधी काय बघावं

लायसन्स ज्या ईमेलवर नोंदवलं जातं, तो कंपनीचा असावा. अकाउंटंटच्या खासगी ईमेलवर घेतलं आणि तो नोकरी सोडून गेला, तर नवीन कॉम्प्युटरवर लायसन्स चालू करतानाच अडतं.

भाड्याने लायसन्स मिळतं, सुरुवातीला हलकं पडतं, पण भाडं थांबलं की काम थांबतं. कायमस्वरूपी लायसन्स वार्षिक नूतनीकरण चुकलं तरी चालू राहतं, फक्त नवीन आवृत्ती आणि ऑनलाइन सोयी बंद होतात. अनुदानाची ३ वर्षं संपत आलेल्या कंपनीने हा फरक आधीच बघितलेला बरा.

बिनलायसन्सची कॉपी टाकून देणारेही तालुक्याच्या गावात भेटतात. तिचा डेटा बिघडला तर दाद कोणाकडे मागणार?

सभासदांना यातलं तांत्रिक काही कळायची गरज नाही. वार्षिक सभेत दोन प्रश्न विचारले तरी पुरे : आपल्या हिशेबात किती जण नोंद करतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये किती जणांची नावं आहेत? दोन आकडे जुळले नाहीत, तर पुढचा प्रश्न संचालकांना विचारायचा.