कोर्स नंतर लावा, आधी पासबुक उघडा

परवा रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतला एक मुलगा घरी आला. वय सत्तावीस. मूळचा लातूरकडचा, डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. सहा वर्षांत ही चौथी नोकरी. बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, नोकरी सोडतोय. डेटा सायन्सचा कोर्स लावायचाय. दीड लाख फी आहे, प्लेसमेंटची हमी देतात. पीएफमध्ये साधारण तेवढेच आहेत, काढून टाकतो. फॉर्म कसा भरायचा तेवढं सांगा."

मी म्हटलं, फॉर्म सांगतो, पण आधी मोबाइलवर पासबुक उघड. त्याने उघडलं. म्हटलं, यातला तिसरा रकाना कशाचा आहे? त्याला माहीत नव्हतं. सहा वर्षं नोकरी केलेला, एक्सेलमध्ये माझ्यापेक्षा चौपट हुशार मुलगा. त्याच्या स्वतःच्या पगाराच्या कागदावरचा एक रकाना त्याने कधी वाचलेलाच नव्हता.

त्याला दोष देऊन उपयोग नाही. मी भोसरी एमआयडीसीत सव्वीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. पगारपत्रक, पीएफ, ईएसआय, फुल अँड फायनल, हेच काम. कोणी राजीनामा दिला की मी एकोणीस नंबरचा फॉर्म आणि दहा-सी, दोन्ही एकत्र स्टेपल करून त्याच्या हातात द्यायचो. सह्या कर, दोन महिन्यांनी आणून दे, पैसे येतील. माणूस खूश, मीही मोकळा. दहा-सी म्हणजे पेन्शनचे पैसे काढून घेण्याचा फॉर्म आणि त्यावर सही केली की तोवरची पेन्शनची सगळी सेवा पुसली जाते, हे मी किती जणांना समजावून सांगितलं? खरं सांगायचं तर फार थोड्यांना. कोणी विचारलं तर सांगायचो. विचारत कोणी नव्हतं.

आमच्या स्टोअर्सला एक गृहस्थ होते. २००४ ते २०११, सात वर्षं आमच्याकडे. मग दुसरीकडे गेले. जाताना मीच दोन्ही फॉर्म दिले. पेन्शनचे चाळीस-पंचेचाळीस हजार आले, त्यात त्यांनी नवी मोटरसायकल घेतली. पेढे घेऊन आले होते, आठवतंय मला. पुढे दुसऱ्या कंपनीत सहा वर्षं झाली आणि पाठीच्या दुखण्यामुळे काम सुटलं. मागच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर घरी आले, "साहेब, माझी पेन्शन कुठे अर्ज करायची?" पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. त्यांनी नोकरी केली तेरा वर्षं, हिशोबात उरली सहा. पेन्शन नाही. मिळाली असती तरी महिना दोन हजारांच्या आतबाहेरच असती, फार मोठी रक्कम नव्हे. पण ती जन्मभर मिळाली असती, आणि त्यांच्यामागे वहिनींना काही भाग मिळाला असता. मोटरसायकल तर केव्हाच भंगारात गेली. ते मला काहीच बोलले नाहीत. उलट "तुम्ही काय करणार साहेब, नियमच तसा" म्हणाले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून हा लेख. करिअर मार्गदर्शन म्हणून आजकाल जे काही चालतं, त्याबद्दल माझं जरा वेगळं मत आहे आणि ते स्पष्टच मांडतो.

आधी त्या तिसऱ्या रकान्याचं. तुमच्या पगारातून पीएफ कटतो तो मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १२ टक्के. कंपनीही तेवढेच भरते, पण कंपनीचा सगळा वाटा तुमच्या पीएफमध्ये जात नाही. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, आणि तेही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना जास्तीत जास्त १,२५०. तोच तिसरा रकाना. त्यावर व्याज दिसत नाही म्हणून पोरं वैतागतात आणि "काढूनच टाकू" म्हणतात. अरे, तिथे व्याज नसतंच, तिथे वर्षं जमा होतात. नोकरी बदलली तरी पैसे ट्रान्सफर केले की वर्षं एकमेकांना जोडली जातात. २०१४ पासून यूएएन नंबर आला तो याचसाठी, एका माणसाचा एक नंबर आणि कंपन्या कितीही. तरी आपल्याकडे दर ठेकेदाराबरोबर नवा यूएएन काढलेली माणसं मी पाहिली आहेत. तीन नंबर, तीन पासबुकं, आणि त्यातल्या दोहोंचे मोबाइल नंबर बंद पडलेले.

आता त्या मुलाचे दीड लाख. सध्या व्याज ८.२५ टक्के आहे. समजा हाच दर टिकला (टिकेलच असं नाही, पण हिशोबापुरतं धरा) आणि त्याने पुढे एक रुपयाही भरला नाही, तरी हे दीड लाख त्याच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी साडेसतरा लाखांच्या घरात जातात. मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण काका, कोर्सनंतर पगारच दुप्पट होईल ना." होईलही. हमी कोणी दिली, लेखी दिली का, नोकरी लागली नाही तर फी परत देणार का, हे विचारलंस का? नव्हतं विचारलं. सेल्सवाल्या मुलीने तीन वेळा फोन केला आणि "आज रात्री बारापर्यंतच डिस्काउंट" म्हणाली, एवढ्यावर गडी नोकरी सोडायला निघाला होता. हातचं सोडून पळत्याच्या मागे म्हणतात ते हेच.

कोर्सला माझा विरोध नाही. शिकलंच पाहिजे, नाहीतर चाळिशीत कंपनी बाहेर काढते, तेही डोळ्यांनी पाहिलंय. पण आधी नोकरी न सोडता शिकून बघा. स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तर तेवढीच फी. तीन महिने रोज एक तास बसवतंय का ते आधी कळेल. क्वालिटीतल्या मुलाकडे रोजचा रिजेक्शनचा डेटा असतोच, त्यावरच काहीतरी करून साहेबाला दाखव. जमलं तर कंपनीकडेच फी मागायची. नाही म्हणतील, फार तर काय?

पण मागायचीच तर आपल्याला लाज वाटते. हीच आपली खरी अडचण. आपली पोरं इंटरव्ह्यूत सगळ्या टेक्निकल प्रश्नांची उत्तरं देतात, आणि शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हटलं की "नो सर". ऑफर लेटर आलं की शेवटचा आकडा बघतात, आईला फोन करतात आणि सही. सहा लाखांचं पॅकेज म्हणजे महिना पन्नास हजार, असं गावाकडे सांगून झालेलं असतं. आता बघा. पन्नासातले पाच हजार "व्हेरिएबल", वर्षाअखेरीला मिळाले तर मिळाले. मूळ पगार पंचवीस हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३,०००, तोही तुमच्याच पॅकेजमध्ये मोजलेला. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे साधारण १,२०३, आणि मेडिक्लेमचे पाचेकशे. उरले ४०,२९७. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात पडतात सदतीस हजार सत्त्याण्णव. तेरा हजारांचा फरक! यात फसवणूक काहीच नाही, सगळं लेटरच्या मागच्या पानावर लिहिलेलं असतं. मागचं पान कोणी उलटत नाही.

आणि ते ग्रॅच्युइटीचे पैसे पॅकेजमध्ये मोजले, तरी परमनंट माणसाला ते मिळायला सलग पाच वर्षं लागतात. चार वर्षं दोन महिन्यांवर दोन हजारांच्या वाढीसाठी उडी मारणारा माणूस किती रुपये मागे सोडून जातोय, हे त्याने एकदा मोजावं. सूत्र सोपं आहे. शेवटचा मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. पंचवीस हजारांवर पाच वर्षांचे ७२ हजार होतात. मोजून मग खुशाल जा. नोकरी बदलूच नका असं मी म्हणत नाही, एकाच खुर्चीत सव्वीस वर्षं बसलेल्या माणसाने ते सांगूही नये.

आणखी एक गोष्ट, जी खास आपल्या मराठी घरांतली आहे. नावं. आधारवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. पॅनवर मधलं नाव नुसतं अक्षर. कंपनीत भरतीच्या दिवशी कोणीतरी आडनाव आधी टाकलेलं. मुलींचं तर विचारूच नका. लग्नानंतर मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, काही घरांत पहिलंही बदललं. पीएफचा क्लेम अडकतो तो बहुतेक वेळा इथेच. ज्या ताई नोकरीत आहेत त्यांनी नोकरी सोडायच्या आधी हे एकसारखं करून घ्यावं. कंपनीत असताना एचआरकडून एका अर्जावर काम होतं, बाहेर पडलात की कोणी फोन उचलत नाही. जुन्या कंपनीने "नोकरी सोडल्याची तारीख" टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

नॉमिनेशनही बघा. लग्नाआधी आईच्या नावाने केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर चालत नाही, नव्याने भरावं लागतं. नोकरीत असताना माणूस गेला तर विम्याचे जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत कुटुंबाला मिळतात, त्यासाठी आपल्याकडून वेगळा हप्ताही कापला जात नाही. आता हे पैसे कुणाला द्यायचे हे शोधत त्या घरातल्यांनी दहा ऑफिसं हिंडायची का?

आता आपल्या भागातल्या शिबिरांबद्दल. गणपतीत, नवरात्रात, निवडणूक जवळ आली की जरा जास्तच, "भव्य करिअर मार्गदर्शन" होतं. स्टेज, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, पुण्याहून किंवा मुंबईहून आलेले वक्ते. स्वप्नं मोठी बघा, कम्फर्ट झोन सोडा, पहाटे पाचला उठा. अहो, तिसऱ्या शिफ्टचा माणूस सकाळी सात वाजता कंपनीतून सुटतो, तो पाचला कुठून उठणार? दोन तास टाळ्या पडतात आणि पोरं घरी जातात ती रिकाम्या हातानेच. माझी मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि नगरसेवकांना विनंती आहे, तोच हॉल घ्या, वक्त्याचं मानधन वाचवा, चार लॅपटॉप आणि कंपन्यांत पीएफचं काम करणारी चार माणसं बसवा. आपल्याकडे अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांनाही तेच सांगणं, शेवटच्या वर्षाला दोन तास द्या. पगाराची स्लिप फळ्यावर काढून समजावायला दोन तास खूप झाले.

कोणी करेपर्यंत मी माझ्यापुरतं सुरू करतोय. येत्या रविवारी सकाळी १० ते १२ आपल्या वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये बसणार आहे. पैसे नाहीत, भाषण नाही. येताना आधारला जोडलेला मोबाइल आणा, ओटीपी त्यावरच येतो. शेवटची पगाराची स्लिप आणि ऑफर लेटर असेल तर तेही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी तर याच, तुमच्या सर्व्हिस हिस्टरीत कुठली कंपनी दिसते आणि कुठली गायब आहे ते बघू. नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे माझं काही जुनं झालं असेल तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करतो.

त्या मुलालाही यायला सांगितलंय. राजीनामा अजून दिलेला नाही, पण कोर्सवाल्यांचा काल पुन्हा फोन आला होता म्हणे. डिस्काउंट अजून चालूच आहे.