परतीची वाट नसलेला कचरा

दसरा उलटला की घरोघरी माळा रिकामा करायला घेतात. पितळी भांडी, जुन्या रजया आणि गणपतीचं मखर यांच्या मागून दरवर्षी त्याच त्या वस्तू बाहेर येतात. तळाशी बोटभर उरलेला, वर साय धरलेला ऑइलपेंटचा डबा. ‘टचअपला लागेल’ म्हणून तो ठेवलेला असतो. टर्पेंटाइनची चिकट बाटली, बंद पडलेल्या सीएफएल दिव्यांचं खोकं, ढेकणांसाठी कधीतरी आणलेलं आणि आता लेबलही न वाचता येणारं औषध, पोट फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल. शिवाय कपाटाच्या खणातून आजीच्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या निघतात, त्या वेगळ्याच. गेल्या वर्षीही हा ऐवज असाच खाली उतरला होता, फडक्याने पुसला गेला होता आणि पुन्हा वर गेला होता. यंदा कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘टाक आता एकदाचं.’

टाकायचं कुठे?

कायद्याकडे याचं उत्तर आहे आणि तेही दहा वर्षं जुनं. 8 एप्रिल 2016 रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ अशी स्वतंत्र वर्गवारी केली. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, इंजेक्शनच्या सुया हे सगळं त्या यादीत आहे. म्हणजे घरात डबे दोन नव्हे, तीन हवेत, असं हा नियम सांगत होता. महापालिका आणि नगरपालिकांवर त्याने त्याहून नेमकी जबाबदारी टाकली. दर 20 चौरस किलोमीटरला या कचऱ्यासाठी एक संकलन केंद्र उभारायचं, ते कधी उघडं असतं ते नागरिकांना कळवायचं आणि तिथे जमलेला माल घातक कचऱ्याच्या प्रक्रिया प्रकल्पापर्यंत पोचवायचा. पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या पुण्याला हाच हिशोब लावला, तर पंचवीसेक केंद्रं हवीत. आपल्या भागातलं केंद्र कोणतं आणि ते किती वाजता उघडतं, असं शहरातल्या कुठल्याही चार घरांत विचारून पाहावं.

आता त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली आहे. 1 एप्रिल 2026 पासून ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’ असे चार भाग करायचे आहेत. ‘घातक’ हा शब्द गेला, हे एका अर्थी बरंच झालं. ‘घातक कचरा’ म्हटलं की डोळ्यांसमोर रासायनिक कारखान्याची चिमणी येते, माळ्यावरचा डबा येत नाही. पण तिसऱ्या डब्याची वाट न आखता चौथा मांडला, तर एवढाच फरक पडेल की घरात चार रंगांच्या बादल्या असतील आणि रस्त्यावर सगळं एकाच गाडीत पडेल.

ते गाडीत पडल्यावर काय होतं, हे कचरा वेचणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. सोसायटीच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीवर पिशवी उपडी होते आणि हात आत जातो. हातमोजा असला तरी सुई त्याला दाद देत नाही. इन्सुलिन घेणारी माणसं आता प्रत्येक गल्लीत आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे आहे. त्यातला लहानसा हिस्सा जरी घरी सुई टोचून घेत असला, तरी रोज निघणाऱ्या सुयांची संख्या लहान राहत नाही. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. ज्या घरातून ती सुई आली, त्या घराला हे कधीच कळत नाही.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना 1993 पासून काम करते आहे. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघडेच हातात येतात, म्हणून 2013 साली या बायकांनी पोती भरभरून ते थेट उत्पादक कंपन्यांकडे पाठवून दिले. तुमचा माल, तुम्हीच सांभाळा, असा सरळ हिशोब होता. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते न उघडता समजेल, ही मोहीमही त्यांचीच. प्रत्येक नॅपकिनसोबत तो टाकण्यासाठी पिशवी द्यावी, ही सूचना पुढे 2016 च्या नियमांत उत्पादकांसाठी आली. वस्तू बनवणाऱ्याने ती संपल्यावरही तिची जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व धोरणाच्या भाषेत बरंच अवघड करून सांगितलं जातं. वेचक बायकांनी ते पोत्यात भरून पाठवलं होतं.

याच तत्त्वावर चालणारी एक वस्तू जवळजवळ प्रत्येक घरात आहे. इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी. ती कचरापेटीत पडलेली कुणी पाहिली आहे? शिसं आणि आम्ल भरलेली ही वस्तू घरातल्या घातक मालात अग्रभागी आहे, तरी ती रस्त्यावर येत नाही. कारण नवी घेताना दुकानदारच विचारतो, ‘जुनी देणार का? मग एवढे कमी होतील.’ जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी, हा नियम 2001 पासून आहे. पण खरं काम नियमाने केलं नाही, शिशाच्या भावाने केलं. अर्थात ही गोष्टही निर्मळ नाही. परत गेलेल्या बॅटऱ्यांपैकी काही परवाना नसलेल्या भट्ट्यांवर जातात आणि तिथलं शिसं आसपासच्या पोरांच्या रक्तात उतरतं. तरीही एक गोष्ट यातून सिद्ध होते. माणूस शहाणा असावा लागत नाही. परत नेण्याची जागा ठाऊक असली आणि परत देण्यात चार पैसे असले, की वस्तू आपोआप परत जाते.

आता याच्या शेजारी सीएफएल ठेवून पाहावा. जानेवारी 2015 मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्यातून 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. विजेची मोठी बचत झाली, यात वाद नाही. पण या दिव्यांनी ज्यांची जागा घेतली, त्यांत सीएफएलही होते, आणि प्रत्येक सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. नवा दिवा घरापर्यंत पोचवण्याची यंत्रणा उभी राहिली, तेव्हाच त्याच टेबलावर जुना जमा करून घेता आला असता. तसा आग्रह धरला गेला नाही. मग काही दिवे माळ्यावर गेले, काही घंटागाडीत फुटले. ई-कचऱ्याच्या नियमांत पाऱ्याचे दिवे आजही आहेत, पण कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जळका दिवा नेला, तर दुकानदार तो उलटसुलट करून परत हातात देतो.

औषधांची गोष्ट याहून नवलाची आहे, कारण तिथे परतीची वाट तयारच आहे. औषधाच्या दुकानात मागच्या बाजूला एक खोकं असतं. मुदत संपलेला माल त्यात जमतो. दुकानदारांच्या बोलीत ही ‘एक्स्पायरी’. स्टॉकिस्टचा माणूस येतो, खोकं घेऊन जातो, माल कंपनीकडे परत जातो आणि दुकानदाराच्या खात्यावर पैसे जमा होतात. फडताळात संपलेली गोळी अशी सन्मानाने परत जाते. तीच गोळी काउंटर ओलांडून घरी गेली आणि तिथे संपली, की तिचा मार्ग बेसिन, संडास किंवा ओल्या कचऱ्याची बादली. प्रतिजैविकं अशी सांडपाण्यात मिसळत राहिली, तर त्यांना दाद न देणारे जंतू वाढायला हातभार लागतो. औषध निसर्गात गेल्यावर काय करू शकतं, याचा धडा भारताला एकदा मिळालेला आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं मेली आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली.

2025 च्या मे महिन्यात केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने उरलेल्या औषधांबाबत मार्गदर्शन दिलं. फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल, डायझेपाम यांसारखी 17 औषधं चुकून दुसऱ्याच्या हाती लागली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तेवढीच संडासात सोडावीत, बाकीची संकलनासाठी द्यावीत, असं त्यात म्हटलं आहे. केरळने त्याच वर्षी कोळिकोडमध्ये घरातली नको असलेली औषधं गोळा करण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. फ्रान्समध्ये 1993 पासून औषधांची दुकानं ग्राहकांकडून उरलेली औषधं परत घेतात. महाराष्ट्रातली औषधविक्रेत्यांची संघटना गावोगाव पोचलेली आहे, अन्न व औषध प्रशासनाचं जाळं जिल्ह्याजिल्ह्यांत आहे आणि मागचं खोकं तर आहेच. काउंटरच्या पुढच्या बाजूला, कुलूप असलेलं आणखी एक खोकं ठेवायचं बाकी आहे.

खेड्यात हा प्रश्न आणखी उघड्यावर असतो. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली गोठ्याच्या वळचणीला अडकवलेली दिसते. तिच्यात कधी रॉकेल भरतात, कधी तेल. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा फवारणी करणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांची चर्चा झाली. बाटलीची फारशी झाली नाही. असे डबे पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असं 1971 चे कीटकनाशक नियम सांगतात. अर्धशतक उलटलं तरी शेतकऱ्याच्या हाती तेच फावडं आहे. कृषी सेवा केंद्रात नवी बाटली घेताना जुनी दिली तर काही रुपये कमी होतील, एवढी सोय झाली असती, तर वळचणीची बाटली केव्हाच खाली उतरली असती.

काही शहरांनी सुरुवात केली आहे. इंदूरच्या घंटागाडीला घरगुती घातक कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असतो, त्यामुळे घरातही तो डबा टिकतो. मुंबई महापालिकेने 2025 मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा नेण्याची सेवा सुरू केली. सोसायटीने नोंदणी करायची, मग पिवळ्या पिशवीतले नॅपकिन, डायपर, बँडेज आणि जुनी औषधं वेगळ्या गाडीने थेट भस्मीकरणाला जातात. शेवटच्या मुक्कामाचीही अडचण नाही. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे सामाईक प्रकल्प वर्षानुवर्षं चालू आहेत. गाडं अडतं ते उंबरठा आणि हे प्रकल्प यांच्या मधे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. एका घरातून असा माल निघतो किती? वर्षाकाठी एक पिशवी. खरं आहे, आणि त्याचसाठी तो वेगळा ठेवणं परवडतं. रोजची फेरी नको, महिन्यातून एक रविवार पुरतो. तीच पिशवी ओल्या कचऱ्यात मिसळली, की खताच्या ढिगाऱ्यात पारा आणि कीटकनाशक जातं आणि लिथियमची बॅटरी कॉम्पॅक्टरखाली चेपली गेली की गाडीत आग लागते. दुसरा आक्षेप पैशांचा. बॅटरी आणि ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनी परत घेण्याची जबाबदारी आधीच उत्पादकांवर टाकली आहे. रंग, औषधं आणि कीटकनाशकं बनवणाऱ्यांना त्यातून बाहेर ठेवण्याचं कारण नाही. किमतीत मिसळलेला थोडासा आकार आणि परत केल्यावर थोडीशी सूट, हे गणित सोड्याच्या काचेच्या बाटलीने पूर्वीच शिकवलेलं आहे. तिसरा आक्षेप दुकानदाराच्या जागेचा, आणि तो रास्त आहे. खोकं त्याने ठेवायचं असेल, तर ते ठरल्या दिवशी उचलून नेण्याची हमी महापालिकेने लेखी द्यायला हवी.

ही यंत्रणा उभी राहीपर्यंत घर थांबून राहत नाही. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावावं आणि बाटलीवर लाल खूण करावी. पाण्यातला रंग थोडा उरला असेल, तर त्यात माती किंवा लाकडाचा भुसा कालवून उघड्यावर वाळवावा. ऑइलपेंट आणि थिनर मात्र मोरीत ओतूच नये, पुढच्या कामासाठी पेंटरला देऊन टाकावं. सीएफएल किंवा ट्यूब फुटली, तर खिडक्या उघडून पंखा बंद करावा आणि सगळ्यांनी दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबावं. मग झाडू न मारता कडक पुठ्ठ्याने काचा गोळा कराव्यात, पांढरी भुकटी ओल्या कागदाने टिपावी आणि सगळं बरणीत बंद करावं. लिथियमच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. बटणासारखी बॅटरी तर लहान मुलाच्या नजरेलाही पडू देऊ नये, कारण गिळल्यावर दोन तासांत ती अन्ननलिका भाजू शकते. संडास धुण्याचं आम्ल आणि ब्लीच या दोन बाटल्या संपवायच्या म्हणून एकत्र ओतल्या, तर क्लोरीन वायू निघतो. आवराआवरीच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवावं.

निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार दारात येतात आणि लोक त्यांना रस्ता, पाणी, पार्किंग यांबद्दल विचारतात. माळ्यावरचा डबा हातात घेऊन कुणी उभं राहिलं आणि ‘हा कुठे देऊ, आणि किती वाजता?’ एवढंच विचारलं, तर उत्तरात एक पत्ता आणि एक वेळ यायला हवी. ती येत नाही तोवर दिवाळीच्या आदल्या रविवारी तो डबा पुन्हा फडक्याने पुसला जाईल, आणि स्टुलावर उभं राहून कुणीतरी तो रजयांच्या मागे सरकवून ठेवील.