ऋणनिर्देश आणि कर्जफेड

मराठीतील प्रबंधांच्या आरंभी 'ऋणनिर्देश' असतो आणि त्यात 'यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल' हे वाक्य बहुधा असतेच. ऋण हा शब्द संस्कृत, म्हणून ते न फेडणे ही नम्रता. कर्ज हा शब्द अरबी-फारसीतून आलेला, म्हणून ते न फेडणे ही लबाडी! शैक्षणिक कर्जाविषयीची आम्हा प्राध्यापकांची चर्चाही अशाच सोयीच्या भेदांवर चालते.

नाशिकच्या कॉलेज रोडवर चहा घेताना दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले, मुले शिक्षणाच्या नावाने कर्ज काढून चैन करतात आणि बँका बुडवतात. दुसरे, २०१७ आणि २०१९ साली शेतकऱ्यांना कर्जमाफी मिळाली, मग विद्यार्थ्यांना का नको? दोन्ही मते आळशी आहेत.

पहिल्याविषयी. या कर्जातील शुल्काची रक्कम सामान्यतः विद्यार्थ्याच्या हाती पडत नाही. बँक ती थेट संस्थेकडे पाठवते. वसतिगृहाची खोटी पावती जोडणारा विद्यार्थी दोषीच. परंतु पूर्ण शुल्क घेऊन निम्मे वर्ग तासिका तत्त्वावरील अपुऱ्या मानधनात उरकणारी संस्था करते, तो गैरवापर नव्हे काय? फेडीच्या कागदावर विद्यार्थ्याची सही असते, सहकर्जदार म्हणून पालकाची असते. संस्थेची नसते.

दुसऱ्याविषयी. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सामान्यतः तारण लागत नाही. तेथे खरे तारण एकच, आधीच्या विद्यार्थ्याने पाळलेला शब्द. पगार सुरू होऊनही जो हप्ता टाळतो, तो बँकेला नव्हे, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या बाईच्या मुलीला बुडवतो; कारण पुढच्या वर्षी त्याच शाखेत अर्ज घेऊन तीच उभी असते.

१९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षणानंतर १० वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार केला होता. १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्याला गेलेही. तेथे त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढण्यात आले. करार कोणी मोडला? पुढे १९२० साली उरलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. वचन देणाऱ्याने ते पाळलेच पाहिजे. पण ते पाळता येईल अशी जागा देणे हे दुसऱ्या पक्षाचे कर्तव्य असते. हा इतिहास वर्गात शिकवणाऱ्यांनी तो प्रवेशाच्या खिडकीपाशी विसरू नये.

तेव्हा फेड हवीच. परंतु नोकरी नसलेल्याला मुदतवाढ हवी, आणि नोकरीची आमिषे दाखवून प्रवेश देणाऱ्या संस्थेने बुडालेल्या रकमेचा वाटा उचलायला हवा. निदान आपण प्रवेशाच्या वेळी मुलांसमोर हिशेब तरी मांडू: ४ लाख रुपये, १० टक्के व्याज, ७ वर्षे, हप्ता दरमहा सुमारे ६,६०० रुपये. शिक्षण चालू असताना साचणारे व्याज वेगळे. हा आकडा सांगताना आपली जीभ अडखळत असेल, तर दोष त्या मुलांचा नव्हे.