भुताची साक्ष आणि माणसाची साक्ष

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली. सतरंज्या गुंडाळता गुंडाळता वस्तीतली चार-पाच पोरं कोपऱ्यात मोबाईलभोवती डोकी जुळवून बसली होती. मी विचारले, "काय चाललंय रे?" एकजण म्हणाला, "काका, भुताची मालिका आहे. बर्फात दोन जहाजं अडकतात आणि एक अस्वलासारखं पिशाच्च एकेकाला खातं." दुसऱ्याने लगेच विचारले, "काका, हे खरं घडलं होतं म्हणतात. खरं का?"

प्रश्न चांगला होता. उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून आज या पानावर देतो. आई-बापांनी वाचावे आणि मुलांनाही वाचून दाखवावे.

ती मालिका म्हणजे २०१८ साली आलेली 'द टेरर'. डॅन सिमन्स या अमेरिकन लेखकाच्या २००७ सालच्या कादंबरीवरून ती केली आहे. त्यातले 'तूनबाक' नावाचे पिशाच्च लेखकाच्या डोक्यातून निघालेले आहे. जहाजे मात्र खरी, माणसे खरी आणि त्यांचे मरणही खरे. जे खरोखर घडले ते पिशाच्चापेक्षा भयंकर आहे. आणि त्यात आपल्यासारख्यांनी विचार करावा अशी एक गोष्ट दडलेली आहे.

१९ मे १८४५ रोजी इंग्लंडहून 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे निघाली. प्रमुख होते सर जॉन फ्रँकलिन. कॅनडाच्या वरच्या अंगाला बर्फाळ समुद्रातून आशिया खंडाकडे येण्याचा जलमार्ग शोधायचा होता. हिंदुस्थान आणि चीनकडे जाण्याची जवळची वाट मिळावी म्हणून युरोपातले व्यापारी आणि राजे तीनशे वर्षे या मार्गाच्या मागे लागले होते. जहाजांना लोखंडी पत्रे ठोकलेले, आत वाफेची इंजिने, तीन वर्षांचा शिधा, हजारो डबाबंद अन्नाचे डबे आणि भरपूर पुस्तके. त्या काळच्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याची सारी ऐट त्या दोन जहाजांवर होती.

जुलै १८४५ च्या अखेरीस देवमाशांची शिकार करणाऱ्या खलाशांनी ती जहाजे पाहिली. त्यानंतर १२९ माणसांपैकी एकही घरी परतला नाही.

पुढे काय झाले ते एका कागदावरून कळते. १८५९ साली किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगाऱ्यात तो सापडला. त्यावर दोन मजकूर आहेत. पहिला मे १८४७ चा : सर्व ठीक आहे. दुसरा त्याच कागदाच्या कडेने लिहिलेला, २५ एप्रिल १८४८ चा. जहाजे सप्टेंबर १८४६ पासून बर्फात अडकलेली आहेत. सर जॉन ११ जून १८४७ रोजी मरण पावले. आतापर्यंत २४ जण गेले. उरलेले १०५ जण जहाजे सोडून दक्षिणेकडील नदीकडे पायी निघत आहेत. सही क्रोझियर आणि फिट्झजेम्स या दोन कप्तानांची. एकाच कागदावर 'सर्व ठीक' आणि 'सर्व संपले' यांत एका वर्षाचेही अंतर नाही.

ही माणसे पायी निघाली ती ओझी ओढत. पुढे त्यांची एक नाव घसरगाडीवर ठेवलेली सापडली. नाव आणि गाडी मिळून वजन सहाशे किलोहून अधिक. आत दोन सांगाडे, आणि सोबत रेशमी रुमाल, साबण, पुस्तके, चांदीचे चमचे. उपाशी माणसे चांदी ओढीत मेली.

आता भुताकडे येऊ, कारण या खऱ्या इतिहासातही भूत आहेच.

जहाजांचा पत्ता लागेना तेव्हा इंग्लंडमध्ये हाहाकार उडाला. फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी जेन यांनी पदरचा पैसा घालून जहाजे पाठविली. त्या बाईंची चिकाटी खरोखर मोठी. पण दुःखाने व्याकूळ झालेल्या माणसाच्या दारात मांत्रिक उभा राहतोच. तो आपल्या वस्तीतही राहतो आणि लंडनमध्येही राहिला. गुंगीत जाऊन हजारो मैलांवरचे दिसते म्हणणाऱ्या बाया पुढे आल्या आणि लेडी जेन यांनी त्यांच्याकडे विचारणा केली. आयर्लंडमधल्या डेरी गावचे जहाजबांधणी करणारे कप्तान कॉपिन यांची चिमुकली मुलगी विझी १८४९ मध्ये वारली होती. तिचे भूत भावंडांना दिसते आणि त्याने फ्रँकलिन कुठे आहेत ते सांगितले, असे कप्तान कॉपिन यांनी लेडी जेन यांना कळविले. एका पाद्र्याने पुढे यावर पुस्तकच काढले. भुताने दाखविलेल्या नावांत त्या कागदाच्या जागेचे नावही होते, असे त्यात म्हटले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, इथे थोडे थांबा. पुस्तक कधीचे? १८८९ चे. कागद कधी सापडला? १८५९ साली. म्हणजे उत्तरपत्रिका जाहीर झाल्यावर तीस वर्षांनी छापलेले हे उत्तर आहे. भगवान बुद्धांनी केसपुत्त गावी कालामांना सांगितले ते हेच : ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणूनही मानू नका, स्वतः तपासून पाहा. पोटचे लेकरू गमावलेल्या घराची आपण थट्टा करणार नाही. पण त्यांच्या दुःखावर उभी राहिलेली कथा तपासल्याशिवाय राहणारही नाही.

आता दुसरी साक्ष ऐका, माणसांची.

१८५४ च्या वसंतात डॉ. जॉन रे नावाचा स्कॉटिश डॉक्टर त्या भागात फिरत होता. हा माणूस वेगळा होता. तिथल्या लोकांकडून तो बर्फाचे घर बांधायला, शिकार करायला, हलके राहून लांब चालायला शिकला होता. त्याला एक इसम भेटला; रेच्या टिपणांत त्याचे नाव इन्नूकपूझीजूक असे आहे. त्याच्या डोक्याला साहेबी टोपीची सोनेरी पट्टी बांधलेली होती. त्याने सांगितले : काही हिवाळ्यांपूर्वी गोरी माणसे नाव ओढत दक्षिणेकडे जाताना आमच्या लोकांनी पाहिली, आणि नंतर त्यांची प्रेते पाहिली. पुढे इतरांनीही तेच सांगितले. भूक इतकी टोकाला गेली होती की मागे राहिलेल्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले होते. पुरावा म्हणून त्यांनी चांदीचे काटे-चमचे दिले, आणि खुद्द फ्रँकलिन यांचे मानचिन्ह दिले.

रेने हे जसेच्या तसे कळविले. वर्तमानपत्रात छापून आले आणि इंग्लंड खवळले. चार्ल्स डिकन्स हे जगप्रसिद्ध कादंबरीकार. लंडनच्या अनाथ, उपाशी पोरांसाठी त्यांची लेखणी रडली. त्याच डिकन्सनी १८५४ च्या डिसेंबरात आपल्या साप्ताहिकात लेख लिहिले. इंग्रज अधिकारी असे करूच शकत नाहीत. हे रानटी लोक मुळातच खोटे, लोभी आणि क्रूर. कुणी सांगावे, त्यांनीच आमच्या माणसांना मारले असेल. असा त्या लेखांचा सूर होता.

हे ऐकून कानात काही घुमते का? साक्ष कशी आहे हे पाहायचे नाही, साक्षीदार कोणत्या जातीचा ते पाहायचे! ज्याने पाहिले तो खोटा, कारण तो खालचा. ज्याने पाहिलेच नाही तो खरा, कारण तो वरचा. मेलेल्या मुलीच्या भुताला ज्या समाजात कान मिळाले, त्या समाजाला जिवंत माणसांचे बोलणे मात्र ऐकवले नाही.

निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे की, रेला भेटलेल्या त्या इसमाने प्रेते स्वतः पाहिली नव्हती. पाहणाऱ्यांकडून ऐकले होते. शंका घेण्याचा हक्क डिकन्सना होता. पण शंका घेणे वेगळे आणि सबंध लोकसमूहाला खुनी ठरविणे वेगळे. रेने त्याच साप्ताहिकात उत्तर दिले आणि त्या लोकांच्या सचोटीची ग्वाही दिली. त्याला जाहीर झालेले बक्षीस मिळाले, पण 'सर' हा किताब कधीच मिळाला नाही.

मग निवाडा कुणी केला? हाडांनी. शास्त्रज्ञांनी त्या बेटावरची हाडे तपासली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच जागच्या सुमारे चारशे हाडांपैकी ९२ हाडांवर सुरीच्या खुणा आढळल्या. २०२४ साली डीएनए तपासणीवरून त्यांतला एक जबडा ओळखला गेला. तो कप्तान फिट्झजेम्स यांचा निघाला. कागदावर सही करणारे हेच ते. त्यांच्याही जबड्यावर सुरीच्या खुणा होत्या. त्या माणसांना नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. भूक काय करते हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुष्काळात पाहिले आहे, त्यांनी कुणा उपाशी माणसाला हसू नये. पण साक्ष खरी होती, एवढे सिद्ध झाले. त्यासाठी १४३ वर्षे लागली.

आणि जहाजे? त्या लोकांचे म्हातारे पिढ्यान् पिढ्या सांगत होते की, एक जहाज दक्षिणेकडे येऊन बुडाले. आमचे लोक आत शिरले होते, आत एक मेलेला माणूस होता, जहाज बुडाले तरी डोलकाठ्या वर दिसत होत्या. १८७९ साली पुहतूराक नावाच्या वृद्धाने हे एका अमेरिकन शोधकाला सांगितले होते. लुई कामूकाक या त्याच समाजातल्या अभ्यासकाने आयुष्यभर म्हाताऱ्यांकडे बसून अशा आठवणी गोळा केल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या. २०१४ साली 'एरेबस' सापडले ते त्या आठवणींनी दाखविलेल्या टापूतच, अवघ्या ११ मीटर पाण्यात.

'टेरर'ची कथा आणखी बोलकी आहे. सॅमी कोगविक नावाचा गृहस्थ काही वर्षांपूर्वी मासेमारीला जाताना त्याला बर्फातून वर आलेला डोलकाठीसारखा वासा दिसला होता. त्याने फोटो काढले, पण घरी येईतो कॅमेरा हरवला. त्याला तो अपशकुन वाटला आणि तो गप्प बसला. २०१६ मध्ये शोधपथकातल्या सोबत्याला त्याने हे सांगितले. पथक तिकडे वळले आणि जहाज सापडले, २४ मीटर खोल. बघा, अपशकुनाच्या भीतीने खरी साक्ष इतकी वर्षे ओठांतच राहिली. विश्वासाने विचारणारा भेटला तेव्हा ती बाहेर आली.

या लोकांना आपण शाळेच्या पुस्तकात 'एस्किमो' म्हणून शिकलो. ते नाव दुसऱ्यांनी दिलेले. ते स्वतःला इन्युइट म्हणवतात. त्याचा अर्थ 'माणसे'. दुसऱ्यांनी चिकटविलेले नाव झुगारून स्वतःचे नाव घेणे म्हणजे काय, हे १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या माणसाला समजावून सांगायला नको. १९९९ मध्ये त्यांचा नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. ब्रिटनने जहाजांवरचा हक्क सोडला आणि आज ती कॅनडाच्या सरकारची आणि इन्युइटांची सामाईक मालमत्ता आहे.

ती माणसे कशाने मेली याबद्दल अजून चर्चा चालू आहे. १९८४ आणि १९८६ साली बर्फात जपली गेलेली तीन खलाशांची प्रेते उकरून तपासली; त्यांत शिसे फार सापडले. पण शिसे हेच एकमेव कारण नव्हे, असे पुढच्या तपासण्यांवरून दिसते. क्षय, उपासमार, थंडी हे सगळे होतेच. एक गोष्ट मात्र उघड आहे. त्याच प्रदेशात इन्युइट कुटुंबे लेकरे वाढवीत होती. साहेबांनी त्यांच्याकडून शिकायचे ठरविले असते, तर काही जण तरी वाचले असते. नॉर्वेचा अमुंडसेन १९०३ मध्ये सहा सोबती घेऊन गेला, त्याच बेटावर दोन हिवाळे राहिला, इन्युइटांकडून कातडी कपडे घालायला आणि कुत्र्यांची गाडी हाकायला शिकला आणि १९०६ मध्ये तो जलमार्ग पार करून सुखरूप बाहेर पडला.

बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तुटलेल्या दुव्यांचा प्रश्न मांडला आहे. ज्यांचा इतिहास कुणी लिहिलाच नाही, त्यांचा इतिहास हाती असलेल्या तुकड्यांवरून, तर्काने, जबाबदारीने जोडावा लागतो. तो तुकडा कधी हाड असते, कधी शिलालेख, कधी म्हातारीच्या तोंडची गोष्ट. गोष्ट खरीच असेल असे नाही, ती तपासायची. पण तपासण्याआधीच फेकून द्यायची नाही.

म्हणून पोरांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : पिशाच्च खोटे, माणसे खरी. मालिका खुशाल पाहा. रात्री पिशाच्चाची भीती वाटली तर दिवा लावून हा लेख पुन्हा वाचा. आणि येत्या रविवारी एक काम करा. तुमची आजी, पणजी, जी कुणी घरात असेल, तिच्याजवळ वही घेऊन बसा. गाव कधी सोडले, दुष्काळात काय खाल्ले, पाणवठ्यावर काय घडले, दीक्षेला कोण गेले होते, ते विचारा. साल, गाव, नावे लिहून घ्या. दुसऱ्या म्हातारीकडे जाऊन ताडून पाहा.

आपल्या घरातली साक्ष आपण ऐकली नाही, तर दुसऱ्या कुणी ती का ऐकावी?

जयभीम.