कडूगोड पेला



बेळगावकडील एका खेड्यातून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांचे चिरंजीव आगबोटीवर नोकरीस आहेत. या खेपेस रजेवर येताना त्यांनी तीन बाटल्या आणल्या: एक अमेरिकन बर्बन व्हिस्कीची, एक इटलीतील कांपारीची व एक तांबड्या गोड व्हर्मुथची. ग्रामसणाच्या दिवशी जेवणापूर्वी पाहुण्यांस ‘बुलेव्हार्दिए’ नावाचे कडूगोड मिश्रण आपल्या हाताने करून द्यावे, अशी त्यांची हौस आहे. ते कसे करतात, असे भगिनीने विचारले आहे. पत्राच्या अखेरीस मात्र त्या लिहितात की, मुलाच्या वडिलांनी तीन वर्षांपूर्वी दारू सोडली. तेव्हा सणाला या बाटल्या घरात उघडाव्यात की नाही?

पहिला प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो.

बर्बन ही अमेरिकेची व्हिस्की. तिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळून काळ्या केलेल्या ओक लाकडाच्या नव्या पिंपात मुरवावी लागते. तिचा गोडसर वास व तांबूस रंग त्या जळक्या लाकडाचाच. केंटकी हे तिचे माहेर. १७८५ साली बेसिल हेडन यांच्यामागोमाग मेरीलँडमधील काही कॅथलिक कुटुंबे तेथे जाऊन वसली आणि १८०८ साली त्याच प्रदेशातील बार्ड्सटाउन येथे धर्मप्रांत स्थापन झाला. त्या हेडन यांचे नाव आज एका बर्बनच्या बाटलीवर वाचावयास मिळते.

व्हर्मुथ हे औषधी वनस्पती घातलेले द्राक्षमद्य होय. १७८६ साली तुरीन शहरी कार्पानो नावाच्या गृहस्थाने ते विकावयास आरंभ केला. ज्या कडू वनस्पतीवरून त्यास हे नाव पडले, ती आपल्याकडील दवण्याच्या कुळातली. लालभडक कांपारी १८६० साली नोव्हारा गावी गास्पारे कांपारी यांनी तयार केली. ती चांगलीच कडू असते.

या तिघांचा मेळ पॅरिसमध्ये जमला. १९२० ते १९३३ पर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती. त्या काळी पॅरिसमध्ये राहणारे अर्स्किन ग्विन हे अमेरिकन गृहस्थ ‘बुलेव्हार्दिए’ नावाचे मासिक चालवीत. हमरस्त्यावरून ऐटीत फेरफटका मारणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. त्यांचे हे पेय तेथील एक प्रसिद्ध मद्यगृहचालक हॅरी मॅकएल्होन यांनी १९२७ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदविले. त्यात तिन्ही जिन्नस समभाग आहेत. आज बर्बन थोडी अधिक घेण्याचा प्रघात आहे.

आता कृती. एका पेल्यास बर्बन ४५ मिलिलिटर, कांपारी ३० व व्हर्मुथ ३० घ्यावे. मापासाठी औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे खुणांचे झाकण पुरे. अंदाजाने मुळीच ओतू नये. तांब्यात बर्फाचे मोठे खडे घेऊन त्यावर तिन्ही जिन्नस ओतावे व लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळावे. हे पेय घुसळावयाचे नसते. बर्फाचे थोडे पाणी त्यात उतरणे आवश्यक आहे, त्यावाचून ते फार जहाल लागते. मग चहाच्या गाळणीने थंड पेल्यात गाळावे. संत्र्याच्या सालीचा पातळ काप पेल्यावर धरून पिळावा, म्हणजे सालीतील तेलाचा शिडकावा होतो. नंतर तो काप पेल्यात सोडावा. आधी गोड, मग कडू आणि शेवटी संत्र्याचा वास, अशी त्याची चव आहे. उघडलेले व्हर्मुथ शीतकपाटात ठेवून महिन्याभरात संपवावे, नाहीतर ते उतरते.

परंतु चवीबरोबर हिशेबही सांगितला पाहिजे. बर्बनमध्ये शेकडा ४० भाग, कांपारीत सुमारे २५ आणि व्हर्मुथात सुमारे १६ भाग मद्यार्क धरला, तर या एका पेल्यात सुमारे ३० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो. आपल्याकडील व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगात तो १३ च्या आसपास असतो. म्हणजे दिसावयास इवलासा असलेला हा पेला दोन पेगांहून भारी आहे! मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा ज्यास घ्यावयाचे त्याने एकच घ्यावा, सावकाश घ्यावा आणि त्यानंतर मोटारसायकलीस हात लावू नये. बडोद्याकडील वाचकांनी गुजरातेतील दारूबंदीचा कायदा ध्यानी ठेवावा, हे वेगळे सांगणे नको.

आता दुसरा प्रश्न. भगिनी, आमचे उत्तर स्पष्ट आहे: या बाटल्या आपल्या घरात उघडू नका.

आम्ही मद्याचे वैरी नव्हे. काना गावच्या लग्नात द्राक्षारस सरला तेव्हा प्रभूने त्या घराची लाज राखली. संत पौलाने तीमथ्यास पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. पण त्याच पौलाने रोमकरांस बजावले की, ज्याने आपला भाऊ अडखळेल ते खाऊ नये व पिऊ नये. आपल्या घरी हा भाऊ कोण, हे आपण पत्रातच सांगितले आहे. सोडलेल्या माणसाची ओढ तीन वर्षांनीही मेलेली नसते. ओळखीचा वास, पेल्यांचा किणकिणाट एवढे तिला जागे करावयास पुरते.

आणखी एक विनंती. “तुमची हरकत नाही ना?” असे त्यांस विचारू नका. मुलाची हौस मोडू नये म्हणून ते बहुधा “माझ्यासाठी थांबू नका” असेच म्हणतील, आणि मग ते ओझे त्यांस एकट्यास वाहावे लागेल. निर्णय मुलाने घ्यावा व न बोलता पाळावा. बंद बाटल्या आताच घराबाहेर, एखाद्या आप्ताकडे देऊन टाकाव्या.

मुलाच्या हौसेचे काय? तिलाही वाट आहे. चार पेले पाण्यात दोन चमचे चहाची पूड व एका संत्र्याची साल, आतील पांढऱ्या भागासह, उकळावी. दहा मिनिटे झाकून गाळावी. थंड झाल्यावर चवीपुरते गोड अमृतकोकम घालावे. बर्फावर ओतून वर संत्र्याच्या सालीचा काप पिळावा. रंग तांबडा, चव कडूगोड. आणि मापाची चिंता नाही. सणाच्या दिवशी मुलाने हाच पेला सर्वांस द्यावा, पहिला वडिलांच्या हाती. पाहुण्यांपैकी कोणी कुरकुरला तर कुरकुरू द्या. यजमानाच्या हातात आणि पाहुण्याच्या हातात त्या दिवशी एकच पेय असेल, ही गोष्ट वडील विसरणार नाहीत.