खाडीतल्या होडीलाही वायरलेस हवा



1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी यांत्रिकी नौकांना आहे, वल्ह्याच्या होडीला नाही. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दोन महिन्यांत रायगडमधल्या धरमतर आणि कुंडलिकेच्या खाडीत उतरतात त्या सगळ्यात दुबळ्या होड्या. त्यांच्याकडे साधन असलंच तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल.

केंद्राची 1 लाख नौकांवर उपग्रह ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमधूनच सुरू झाली. योजना चांगली आहे. पण ती यांत्रिकी आणि मोटर बसवलेल्या नौकांसाठी. वल्हेवाल्याने काय करायचं?

मोबाइलवर बुडणारा माणूस एकाच नंबरला हाक मारतो. रेंज हवी, समोरच्याने उचलायलाही हवा. व्हीएचएफ वायरलेसच्या चॅनल 16 वर मारलेली हाक टप्प्यातला त्या चॅनलवर चालू असलेला प्रत्येक सेट ऐकतो. धरमतरला दिवसरात्र बार्ज ये-जा करतात. मदत बऱ्याचदा हाकेच्या अंतरावर असते, फक्त हाक पोचत नाही. हातातल्या सेटचा टप्पा काही किलोमीटरचाच, हे खरं. म्हणूनच मच्छीमार सोसायटीच्या इमारतीवर उंच अँटेना आणि खाली ऐकणारा माणूस, दोन्ही हवेत. ऐकणारं कुणी नसेल तर सेट वाटून उपयोग नाही.

हवामानाचंही तसंच. ‘रायगडला ऑरेंज अलर्ट’ हा इशारा माथेरानपासून श्रीवर्धनपर्यंत सगळ्यांना एकच. होडीवाल्याला कळायला हवं ते वेगळं: वारा कुठून, किती, आणि ओहोटी कधी लागणार. घाटात कोसळलेला पाऊस अंबा नदीतून खाली येतो, त्यात ओहोटीची ओढ आणि समोरून वारा लागला की खाडीच्या मुखाशी लाट उभी राहते. तिथे छोटी होडी टिकत नाही. अंबेचा जुलै 1989 चा पूर नागोठण्याने पाहिला आहे. पावसाळ्यात नागोठण्याला अंबेची आणि डोलवहाल बंधाऱ्यावर कुंडलिकेची पातळी प्रशासन मोजतंच. तोच आकडा भरतीच्या वेळेसह रोज संध्याकाळी आणि पहाटे मराठीतून वायरलेसवर वाचायला काय अडचण आहे?

जुलै 2025 मध्ये खांदेरीजवळ करंजाची बोट बुडाली. आठांपैकी पाच जण तासन्‌तास पोहत किनाऱ्याला लागले, तिघे गेले. त्याच्या वर्षभर आधी अलिबागजवळ भरकटलेल्या बार्जवरच्या 14 जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने सुखरूप उचललं होतं. संकट कळलं तर मदत येते.

जिल्हा नियोजन समितीने पेण आणि रोहा तालुक्यांतल्या सोसायट्यांचे सेट, अँटेना आणि बिगरयांत्रिकी होड्यांना अनुदानावर हातसेट यांची तरतूद येत्या 1 जूनपूर्वी करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पेण