बाळंतिणीची झोप वाचवू या

बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी आपण काय काय करतो! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, पाचवी, बारसं. पण रात्री तिचा डोळा लागला का, हे कुणी विचारतं?

बायपोलर, म्हणजे मनःस्थिती टोकाची वर-खाली होणारा आजार असलेल्या बाईसाठी हा प्रश्न जिवाचा आहे. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, एरवी हजारांत एखाद-दुसरीला होतो; बायपोलर असेल तर साधारण पाचांतल्या एकीला. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उसळतो, म्हणजे ऐन पाचवी-बारशाच्या गर्दीत. झोप उडते, बडबड वाढते, भलभलते संशय येतात. आपण म्हणतो, बाहेरचं झालं. अंगाऱ्याधुपाऱ्यात दिवस जातात. अहो, ही धावपळ करून दवाखाना गाठायची वेळ! आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका असतो. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात, हेही तितकंच खरं.

दुसरा घोळ मायेपोटी होतो. दिवस राहिले की घरातूनच सल्ला मिळतो, ‘त्या गोळ्या आता बंद कर.’ व्हॅलप्रोएटसारखं औषध गर्भाला खरंच घातक आहे. पण औषध बदलायचं ते डॉक्टरांनी, शक्यतो दिवस राहण्याआधीच. बायपोलरवरचं लिथियम एकाएकी थांबवलं तर आजार उलटू शकतो.

आणि पोटातलं बाळ गेलं तर? नवजात बाळाला बघायला आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत घरी येतात. बाळच नसेल तर त्या घरी कोण जाणार? ‘होईल पुढच्या वेळी’ म्हणून आपण मोकळे! हार्मोन तिचेही कोसळलेले असतात, रात्री तिच्याही जागून जातात. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. ती मागायला तिला बळ देऊ या.

बाकी कामं आपल्या हातातलीच आहेत. रात्रीची एक पाळी बाबानं घ्यावी, एक आजीनं. पाहुण्यांनी महिनाभर थांबावं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. तसा आपल्या जिल्हा रुग्णालयातही हवा, अशी मागणी महिला मंडळांनी, ग्रामसभांनी लावून धरावी. २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडू नये.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डोहाळजेवणाच्या दिवशीच भिंतीवर लिहून ठेवा. आणि ओळखीत कुणाचं बाळ गेलं असेल, तर आज तिच्या घरी जाऊन या.